तिठ्यावरची रिंग

"पनवेल सुटलं!" गंगा म्हणाली आणि तिनं मधल्या बोटाचं पेर फोनच्या लाल बटणावर दाबलं. एकच रिंग वाजली होती. फोन काजूगरांच्या पाटीशेजारी फडक्यावर होता, तो तसाच पडून राहिला.

शेजारच्या दुकानातून आम्रपाली बघत होती. तिचं रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान. सकाळी गिऱ्हाईक नसलं की ती फळीवर कोपरं टेकून गंगाशी बोलत उभी राहायची.

"तुला कसं कळलं पनवेल? आत काय लिहून येतं?"

"लिवून कशाला यायला हवं? ठरलंय आमचं. गाडी जितं जितं थांबंल तितून एक रिंग. पयली पनवेलची."

"आणि मधेच कुठं चहाला थांबली तर?"

"मंग ती चहाची," गंगा म्हणाली आणि स्वतःच हसली. आज तिला कशाचंही हसू येत होतं.

तिचा नवरा भागोजी पाष्टे मुंबईहून येत होता. तसा तो दरवर्षी यायचाच, गणपतीला आणि शिमग्याला, रजा संपली की परत जायचा. या वेळी मात्र तो परत जाणार नव्हता. भांडुपच्या एका कारखान्याच्या गेटवर त्यानं अख्खं आयुष्य वॉचमनकी केली होती. ती आता संपली होती. रितेशनं, म्हणजे मुलानं, पहाटे त्याला दिवसाच्या गाडीत खिडकीची जागा बघून बसवून दिलं होतं. ट्रंक, वळकटी आणि नात सानवीनं आजीसाठी काढलेलं हत्तीचं चित्र एवढं सामान होतं. संध्याकाळच्या आत गाडी हातखंब्याच्या या तिठ्याला लागणार होती.

गंगाचं गाव तिठ्यापासून आत, सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, खालच्या अंगाला. तिथं फोनला रेंज नाही. रेंज हवी तर माणसानं वर तिठ्यावर यावं. गंगा तशीही रोज यायचीच. दिवसांप्रमाणे तिची पाटी बदलायची. कधी उकडलेल्या शेंगा, कधी काकड्या, आणि शिमग्याच्या सुमाराला ओले काजूगर. काजूच्या चिकानं या दिवसांत तिची बोटं काळीकुट्ट होऊन जात आणि कातडी सोलवटून निघे. म्हणून फोनचं बटण ती पेरानं दाबायची.

तिठ्याची तऱ्हा काय सांगावी! मुंबई-गोवा रस्ता इथून जातो आणि रत्नागिरीचा फाटा इथंच फुटतो. गाडीतून उतरणारा माणूस जमिनीला पाय लावायच्या आधी फोन कानाला लावतो आणि 'हातखंब्याला उतरलो' हे अशा आवाजात सांगतो, की पलीकडच्याला फोनाशिवायही ऐकू जावं. कोणी भावाशी वाटणीवरून भांडतो. कोणी डॉक्टरला पोटाची तक्रार सांगतो, आणि ती अशी तपशीलवार, की शेजारी वडापाव खाणाऱ्याचा घास तोंडातच राहतो. एकदा एक साहेब आपण पुण्यात मीटिंगमध्ये बसलोय असं शपथेवर सांगत होते, आणि त्यांच्या पाठीमागे महिपत रिक्षावाला 'पाली, पाली' म्हणून घसा फोडत होता. लोकांना आता लाज कशी ती राहिलेली नाही. गंगा पाटीपाशी बसून हे सगळं ऐकायची. कुणाच्या सुनेचं बाळंतपण कुठं झालं, कुणाचं लग्न कशावरून मोडलं, सगळं तिला ठाऊक. पण तिच्या संसारातला एक शब्द तिठ्याला ठाऊक नव्हता.

म्हणजे, एकदा झाला होता ठाऊक. तेव्हापासून तर हे रिंगचं प्रकरण सुरू झालं.

फोन घरात नवीन होता तेव्हाची गोष्ट. भागोजीचा फोन आला, गंगानं कुठलं तरी बटण दाबलं आणि भागोजीचा आवाज साऱ्या तिठ्यावर घुमला. "गंगे, ऐकतंस ना? तुजी लय आठवण येते गो. तुज्याबिगर जेवान गोड लागत नाय बग."

दोन रिक्षावाले, वडापाववाला, एसटीची वाट बघणारी माणसं, सगळ्यांनी ऐकलं. गंगानं फोन घाईनं पदरात कोंबला, तर तो पदरातूनही बोलत राहिला. पुढचे कित्येक महिने महिपत तिला सोडत नव्हता. ती पाटी घेऊन आली की रिक्षातून मान बाहेर काढून ओरडायचा, "गंगावयनी, आज जेवान गोड लागलं ना?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण गंगाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी जाऊन ती रडली होती, आणि खरं सांगायचं तर थोडी हसलीही होती. लग्न झाल्यापासून असं काही भागोजी तिला तोंडावर कधी बोललाच नव्हता.

त्या वर्षी तो गणपतीला आला तेव्हा तिनं त्याला बजावलं.

"आता फोनवर बोलायचं नाय. तिठ्यावर मानसं असतात."

"मंग कळायचं कसं?"

"रिंग द्यायची. मी कट करीन. कट केला म्हंजे मी बरी हाय असं समजायचं."

भागोजीनं मान डोलवली. त्यालाही ते बरंच होतं. मुंबईत तो गाववाल्यांच्या खोलीत राहायचा. तिथं एकानं फोन कानाला लावला की बाकीचे सगळे कान टवकारून बसत.

तेव्हापासून रोज दोन रिंगा. सकाळी चहा झाला की एक, ड्युटी सुटली की एक. ही कट करायची, पलीकडे तो फोन खिशात घालायचा. ऊन असो, पाऊस असो, तापानं फणफणलेली असो, गंगा त्या दोन वेळांना तिठ्यावर हजर. पुढे फोनवर बोलणं फुकट झालं. रितेशनं तिला एकदा मोठ्या काचेचा फोन आणून दिला आणि म्हणाला, "आई, आता बोलायला पैसे पडत नाहीत गं. पाहिजे तेवढं बोला." गंगानं चिकानं काळी झालेली बोटं त्याच्या पुढे धरली. "ह्या हातानं तुजी काच पुसू का काजू सोलू? आनि पैशासाठी कोन गप ऱ्हायलंय?" तो फोन रितेश परत घेऊन गेला.

बोलायचं नव्हतं असं नाही. बोलायचं फार होतं. पण भागोजी रजेवर यायचा तेव्हा घरात गणपती असायचा, नाहीतर पालखी असायची, पाहुणे असायचे, कुणाचं तरी लग्न निघायचं. रजेचे दिवस हां हां म्हणता संपायचे. गाडीत चढताना तो म्हणायचा, "सावकाश बोलू गो. आता कायमचाच येन तवा बोलू." आणि गंगा म्हणायची, "व्हय, सावकाश." असं करत करत त्यांचं सगळं बोलणं पुढे पुढे ढकललं गेलं आणि दोघं म्हातारी झाली.

"चार वाजले का गो?" गंगानं विचारलं.

"अगं, अजून दहा नाही वाजले!" आम्रपाली म्हणाली. "एवढी कसली घाई? नवी नवरी असल्यासारखी करतेस."

"तुला नाय कळायचं. तुजा नवरा महेंद्र रोज संध्याकाळी घरात असतो." गंगानं काजू चिरला, आतला गर अलगद काढून पाण्यात टाकला. "खुर्ची आनली मी काल."

"कसली खुर्ची?"

"पलास्टिकची. निळी. टेंपोवाला आलता. आदी एकच व्हती. हे यायचे तवा हे खुर्चीवर आनि मी उंबऱ्यावर. आता काय पावने हायत का ते? आता रोजचंच. पडवीत दोन खुर्च्या मांडायच्या, समोरासमोर, आनि बोलत बसायचं."

"काय काय बोलणार आहेस?"

गंगानं आणखी एक काजू उचलला. मग खालच्या मानेनंच म्हणाली, "रितेशच्या पाठीवर एक पोरगी झालती माजी. ठावं हाय तुला?"

आम्रपालीला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून तिला ते ठाऊक नव्हतं.

"दोन म्हयने जगली. ह्यांना रजा गावली नाय. आले तवा सगळं झालं व्हतं. मी काय सांगितलं नाय, ह्यांनी काय इचारलं नाय. इचारायचं कसं, त्येंनापन कळलं नसंल." तिनं हातातला काजू बाजूला ठेवला. "त्येंनी तिला बगितलीच नाय गो. ती कशी दिसायची त्ये तरी सांगायला हवं ना बापसाला? कान आगदी ह्यांच्यावानी व्हते. बारके, पन पाळीशी आसे वळलेले. येवडं सांगायचं हाय मला. बाकी काय नाय सांगितलं तरी चालंल."

आम्रपालीनं फळीवरून हात लांब करून तिच्या खांद्यावर ठेवला. तेवढ्यात एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स मागायला आली आणि बोलणं तिथंच राहिलं.

माणगावची रिंग आली. मग बराच वेळ काही नाही. गंगाचा जीव खालीवर व्हायला लागला, तेव्हा भरणा नाक्याची आली. "खेड आलं," ती म्हणाली आणि डबा उघडून दोन घास खाल्ले. चिपळूणची आली तेव्हा ऊन कललं होतं. प्रत्येक रिंगेला ती पेरानं लाल बटण दाबायची आणि गावाचं नाव मोठ्यानं घ्यायची. तिठ्यावरच्या सगळ्यांना आता तिचा खेळ कळला होता. वडापाववाला तर पुढच्या गावाचं नाव आधीच सांगायला लागला होता.

आरवलीच्या सुमाराला तिच्या पाटीभोवती गर्दी होती. कोल्हापूरकडची गाडी थांबली होती. घरातली सगळी माणसं उतरून काजूगरांना हात लावून बघत होती. त्यांची मुलगी गंगाच्या हातांचं शूटिंग घेत होती, काजू कसा चिरतात, गर कसा काढतात. अशात फोन वाजला. एक रिंग झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. फोन थांबेचना.

"आजी, फोन वाजतोय तुमचा," ती मुलगी म्हणाली.

"वाजू दे. आमच्या मानसाचा हाय."

सगळी हसली. फोन वाजतच राहिला. समोर रिक्षात पाय पसरून बसलेला महिपत उठून बसला. इतक्या वर्षांनी त्याला जुनी गंमत आठवली. तोंडाशी हात धरून तो ओरडला, "वयनी, उचला की! जेवान गोड लागत नसंल भाऊला!"

तिठाभर हशा पिकला. गंगाच्या चेहऱ्यावर, त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर, लग्नातल्यासारखी लाली आली. "जल्लं तुजं त्वांड!" ती महिपतला म्हणाली आणि तिनं लाल बटण दाबलं.

फोन पुन्हा वाजला. पुन्हा थांबेना.

"बगा, आता येवडा येळ दम निगाला, आता धीर निगत नाय," असं म्हणत तिनं तोही कट केला. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग थोड्या वेळानं एकच रिंग आली. नेहमीसारखी.

"हां, आता कसा शाना झाला," गंगा म्हणाली. "संगमेश्वर."

तिनं पाटी आवरली. आम्रपालीच्या दुकानामागच्या नळावर जाऊन राख आणि खोबरेल लावून हात चोळचोळून धुतले. चीक निघाला नाही, निदान फिका झाला. केस विंचरून पदर नीट केला. बावनदी आली नाही, निवळी आली नाही. "रेंज नसंल," ती आम्रपालीला म्हणाली. "नाहीतर झोप लागली असंल. पहाटेचे उठलेत." आणि ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

गाडी आली. कंडक्टरनं "हातखंबा, हातखंबा!" म्हणून आवाज दिला. माणसं उतरायला लागली आणि उतरता उतरता फोन काढायला लागली. शिमग्याला आलेले चाकरमानी, त्यांच्या पोरंबाळांचे आवाज, बॅगा. गंगा मान उंच करून एकेकाकडे बघत होती. भागोजी उतरला नाही.

मग तिला तो दिसला. खिडकीशी बसला होता, काचेला डोकं टेकून. "झोप लागली बग," गंगा मोठ्यानं म्हणाली. तिनं हात वर करून काचेवर बोटाच्या पेरानं टकटक केली. "अवो, उटा. हातखंबा आला."

तिनं पुन्हा टकटक केली. आतून कंडक्टर त्याच्यापाशी आला. त्यानं खांद्याला हात लावला, हलवलं, आणि मग तो एकदम दोन पावलं मागे सरला. तो काय म्हणाला ते काचेतून ऐकू आलं नाही, पण गंगानं त्याचं तोंड बघितलं.

त्यानंतर तिठ्यावर काय झालं ते लिहायला हात उचलत नाही. एक बाई गाडीच्या दाराशी जाऊन नवऱ्याला हाका मारत होती. आणि उतरलेल्यांपैकी काही जणांनी फोन वर धरले होते. म्हातारा माणूस खिडकीत मरून बसलाय, त्याची बायको ओरडतेय, हे त्यांना आपल्या फोनात हवं होतं. आम्रपाली दुकान तसंच टाकून धावत आली, खिडकीसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. "खाली घ्या ते फोन! तुमच्या घरात कुणी मरत नाही काय? खाली घ्या म्हणते ना!" तिचा आवाज असा चिरकला की निम्म्या लोकांनी फोन खाली घेतले. बाकीच्यांनी घेतले नाहीत.

महिपतनं भागोजीला रिक्षातून रत्नागिरीला दवाखान्यात नेलं. गंगानं भागोजीचं डोकं वाटभर मांडीवर धरलं होतं. डॉक्टरांनी बघितलं आणि गाडीतच सगळं संपलं होतं असं सांगितलं. छातीत दुखलं असणार, घाम आला असणार. बरोबर कोणी नव्हतं का?

बरोबर होतं. पंचविशीचा एक मुलगा, भागोजीच्या शेजारच्या सीटवरचा, महिपतच्या मागोमाग दुसऱ्या रिक्षानं दवाखान्यात आला होता. त्याच्या गळ्यात अजून हेडफोनची वायर लोंबत होती. तो बराच वेळ भिंतीशी उभा राहिला आणि मग गंगाच्या समोर येऊन खाली बसला.

"काकू, मी त्यांच्या शेजारी होतो."

गंगानं मान वर केली.

"आरवलीच्या पुढे त्यांना घाम यायला लागला. मी विचारलं, बरं वाटत नाही का? ते म्हणाले, पित्त झालंय. मी पाणी दिलं. मग ते फोन लावत होते. दोनदा लावला, दोनदा कट झाला. मी म्हटलं, माझ्या फोनवरून लावून देऊ का?" मुलानं गळ्यातली वायर मुठीत धरली. "तर हसले. म्हणाले, नको, ती उचलायची नाय. तिठ्यावर मानसं असतात. आमचं ठरलेलं हाय."

गंगा त्याच्याकडे बघत राहिली.

"मग त्यांनी फक्त एक रिंग दिली. ती कट झाली. म्हणाले, पोचली. आणि डोळे मिटून बसले. मला वाटलं, झोपले. मी परत हेडफोन लावला, काकू. पिक्चर बघत होतो. मला कळलंच नाही."

तो लहान मुलासारखा रडायला लागला. महिपत दारात उभा होता. त्यानं हे सगळं ऐकलं आणि तो बाहेर निघून गेला. रिक्षाच्या मागे जाऊन त्यानं कपाळ बडवून घेतलं, ते बाहेरच्या चहावाल्यानं बघितलं.

गंगानं मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. "रडू नुको. तू पानी दिलंस त्येंना," ती म्हणाली. "तू इचारलंस तरी. मी तेपन केलं नाय."

मग ती आत गेली. भागोजीला पांढऱ्या चादरीखाली झोपवला होता. तिनं चादर थोडी खाली केली. त्याचे कान दिसले. बारके, पाळीशी वळलेले. ती वाकली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन हळू आवाजात, शेजारच्या नर्सलाही ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात, तिनं त्याला मुलीचं सांगितलं. सगळं सांगितलं. जन्मली तेव्हा किती केस होते, कशी हसायची, कोणत्या हातावर झोपायची, शेवटच्या दिवशी काय झालं. आयुष्यभर साठवलेलं बोलणं होतं, संपायला वेळ लागला. रितेश तोवर मुंबईहून निघाला होता. नर्स आत आली तेव्हा गंगा म्हणत होती, "तिचे कान तुमच्यावानी व्हते वो." पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत होती.

त्या वर्षी देवीची पालखी पाष्ट्यांच्या दारी आली नाही. घराला सुतक होतं. पालखी वाडीतून पुढे गेली, तेव्हा गंगा दाराआड उभी राहून ढोलांचा आवाज ऐकत होती. भागोजी दर वर्षी पालखी खांद्यावर घेऊन नाचायचा. या वर्षी तो कायमचा आला होता, पण नाचायला नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले. रितेश आईला मुंबईला चल म्हणत होता, ती गेली नाही. एक दिवस ती पुन्हा तिठ्यावर दिसली. डोक्यावर पाटी होती, आणि एका हातात नवी निळी खुर्ची. घरून येताना तिनं ती वाडीच्या चढणीवरून ओढत आणली होती. पडवीत समोर ठेवलेली ती रिकामी खुर्ची तिला बघवत नव्हती, आणि कुणाला देऊन टाकायला मन होत नव्हतं. तिनं ती पाटीच्या समोर मांडली आणि तिच्यावर फोन ठेवला. स्वतः जमिनीवर बसली.

त्या दिवसापासून गंगानं फोन कट करणं सोडलं. कुणाचाही फोन येवो, पहिल्या रिंगेला पेरानं हिरवं बटण दाबायचं आणि मग ते दुसरं, ज्यानं आवाज मोठा होतो ते. आता तिला ते बटण नीट ठाऊक होतं. सगळ्या तिठ्यानं ऐकलं तरी तिचं काही म्हणणं नव्हतं. पण तिला फोन करणार कोण? रितेशचा रात्रीचा फोन तिच्या वाडीत पोचायचा नाही, तो दुपारी कधीतरी करायचा. बाकी यायचे ते कंपन्यांचे. कर्ज हवंय का, विमा हवाय का, तुमच्या आवडीचं गाणं कॉलर ट्यून ठेवायचंय का. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज एकसारखा बोलत राहायचा आणि गंगा ते शेवटपर्यंत ऐकायची.

"अगं, मशीन बोलतंय ते!" आम्रपाली एकदा म्हणाली. "आण इकडे, मी बंद करून देते हे फोन. येणारच नाहीत."

"नुको गो," गंगा म्हणाली. "कुनाला काय सांगायचं असतं, आपल्याला काय म्हाईत?"

आम्रपाली फळीवरून मागे वळली. तिनं दुकानात जाऊन उगाचच झेरॉक्सचं मशीन पुसलं आणि पुसता पुसता डोळेही पुसले.

मे महिन्याच्या सुरुवातीची एक दुपार. काजू संपत आले होते. गोव्याहून आलेली पोरांची एक गाडी पाटीपाशी थांबली होती. फोन वाजला. गंगानं बटणं दाबली. "नमस्कार! आमच्या कंपनीकडून आपल्यासाठी खास योजना..." असा आवाज तिठ्यावर घुमला. गंगानं पोरांना हातानं थांबायची खूण केली आणि हातातला काजू तसाच धरून खुर्चीकडे तोंड करून बसली. मधे मधे "हं" म्हणत होती. पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली. एकानं फोन काढून तिच्यावर धरला.

महिपत रिक्षातून उतरला. तो त्या पोराच्या आणि गंगाच्या मधे जाऊन उभा राहिला, पाठ तिच्याकडे करून. पोराला आता फोनात महिपतचा खाकी शर्ट तेवढा दिसत होता. त्यानं फोन खाली घेतला.

"जाऊ या का?" दुसरा पोरगा म्हणाला.

"थांबा जरा," महिपत म्हणाला. "तिचा फोन चाललाय."

मग कोणी हसलं नाही. आवाज बोलत राहिला. योजना कुणासाठी आहे, कोणत्या अटी लागू आहेत, कोणतं बटण दाबायचं, सगळं त्यानं सांगितलं. गंगानं कुठलंच बटण दाबलं नाही. शेवटी "धन्यवाद" म्हणून पलीकडूनच फोन तुटला. फोनचा उजेड जाईपर्यंत गंगा खुर्चीकडे बघत राहिली.

"बरं," ती म्हणाली, आणि तिनं हातातला काजू चिरायला घेतला.